तुझ्या पेटीचे दोन वाटे

ताय, तुझा तो घाटकोपरचा म्हातारा काल आपल्या दारात उभा राहून रडला आणि मला एवढा राग आला ना, मी त्याला आत या पण बोलले नाय. चप्पल काढून, टोपी हातात धरून, सगळ्या गल्लीसमोर. बाजूची काकी सुकट निवडायचं सोडून बघत बसली. मला असं रडायला जमलंच नाय गं अजून. मी रडते ती भांडी घासताना, नायतर मनूला न्हाऊ घालताना, आणि तेवढ्यात कोणतरी हाक मारतं की थांबते. मला वाटलं, झालं, आता वेसाव्यात सगळीकडे होणार, सख्खी बहीण कोरडी आणि परका माणूस भिजलाय.

हे मी फोनमध्ये बोलते आहे. तूच दाखवलंस ना, ते माइकचं चित्र दाबलं की बोललेलं आपोआप मराठीत उमटतं. हातानं लिहिलं तर माझ्या चुका होतात आणि तू हसतेस. हसायचीस. मध्ये मनू काही बोलली तर तेपण उमटेल, ते सोडून दे.

तू मला शेवटचं काय बोललीस, आठवतं तुला? तोंडावरचा मास्क वर केलास, मी कान जवळ नेला, मला वाटलं मनूचं काहीतरी असेल, नायतर आयच्या गुडघ्यांचं. तू बोललीस, "पेटी धीरूकाकांना दे." म्हणजे तुझ्या याच म्हाताऱ्याला. बस. नर्सनं मास्क खाली केला, मला बाहेर काढलं, आणि नंतर जे झालं ते झालं. घरी आलेले सगळे विचारतात, शेवटी काय बोलली गं? मी सांगते, मनूला जप बोलली. काय सांगू दुसरं? की माझी बहीण मरताना नकाशांच्या पुस्तकांची काळजी करत होती, आणि ती पण मला देऊ नये म्हणून?

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच आला. आम्ही नीट मागे सरकलो पण नव्हतो. आय हात जोडून खाली बसली. मामा बोलला, समाधानानं गेली पोर, मागे काही ठेवलं नाय तिनं. सगळ्यांना बरं वाटलं आणि मी जळले. काहीच अडकलं नव्हतं तुझं, ताय? थोडं तरी घुटमळायचं ना माझ्यासाठी. लोकांचे कावळे दुपारपर्यंत बसवून ठेवतात, घरचे एकेक वचन देऊन दमतात, आणि तुझा असा आला जसा उपाशीच बसला होता. पेटी तेव्हा माझ्याच घरात होती. तरी आला. म्हणजे मी देणार याची तुला खात्री होती. माझी एवढी खात्री कुठून आली तुला? मला माझी नाय.

जळणं मला नवीन नाय. आयचे गुडघे गेले तेव्हा एकीला टोपली घ्यायला लागणार होती. तू दहावीत, मी आठवीत. बाबा बोलले, बारकीचं तोंड चालतं, बारकी बसेल. चालायचंच माझं तोंड, खोटं नाय. पहिल्याच आठवड्यात मी अंधेरीच्या मार्केटात पापलेट बघायला आलेल्या बाईला मांदेली घेऊन घरी पाठवली. बाबा खूश. तू कोपऱ्यात बसून भूगोल पाठ करत होतीस, देश आणि राजधान्या, आणि मी बर्फानं सुजलेली बोटं शेकत ते ऐकत होते. मला पण पाठ झालं होतं सगळं. तू कधी विचारलंच नाय.

मग तू कॉलेजला गेलीस, मग विमानतळाजवळच्या कार्गोच्या ऑफिसात लागलीस. दिवसभर पार्सलांवर गावांची नावं टाईप करायची आणि घरी येऊन बोलायची, बारके, आज एक गाव आलं, कुठे आहे तेच कळेना. तिथूनच तुझं ते खूळ. रद्दीवाल्याच्या तराजूचं एक पारडं हलकं होतं म्हणून त्यानं खाली एक छोटंसं चामड्याचं पुस्तक दोरीनं बांधलं होतं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं तिथे रद्दी टाकतो, कुणाला दिसलं नाय. तुला दिसलं. त्याला आता दुसरं वजन शोधायला लागणार म्हणून तो केवढा कटकटला. घरी आणून तू उघडलंस तर आत नकाशे. आयच्या पानाच्या चंचीएवढं पुस्तक आणि त्यात अख्खी दुनिया, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. देशांच्या कडेनं हातानं भरलेला रंग, गुलाबी, हिरवा, मध्येच बाहेर गेलेला.

आणि म्हातारा तुला मिळाला तो माझ्या लग्नामुळे, हे विसरू नकोस. माझ्या भांड्यांवर नावं घालायला तूच घाटकोपरला गेलीस, तुझ्या मैत्रिणीच्या काकाचं दुकान होतं म्हणून. दुकानाबाहेर हा माणूस स्टुलावर बसून टर्रर्र करत पातेल्यांवर नावं कोरत होता, आणि गिऱ्हाईक नसलं की भिंग लावून तसलंच एक बारीक पुस्तक बघत होता. तू तीन तासांनी घरी आलीस. भांडी अर्धीच झाली होती. माझ्या लग्नाला आठवडा राहिलेला आणि तू मला काय सांगतेस, तर हे नकाशे छापायच्या आधी कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरलेत, आरशातल्यासारखे, मशीन नाय काय नाय, नुसत्या हातानं. मी बोलले, बरं, माझी परात कुठे आहे?

लग्न होऊन पण मी याच घरात राहिले, आणि तुझं दर रविवारी घाटकोपर. तुझ्याकडे एखादं डबल असलं की त्याला द्यायचं, त्याच्याकडचं तू घ्यायचं. एखाद्यात एक पान कमी निघालं की घरात सुतक. आय बोलायची, वंदे, लग्न कर, त्या म्हाताऱ्याच्या घरी काय ठेवलंय? तू हसायचीस. मी पण हसायचे, आणि आतून मोजत असायचे की हिनं माझ्या घरातला अजून एक रविवार उचलून नेला.

हाताचं बोलायचंय मला. हे आपलं भांडण अर्धंच राहिलं.

तू पेटी उघडलीस की मी यायचे, आणि तू मान वर न करता बोलायचीस, "हात धुऊन ये." मी धुवायचे. साबण, मग लिंबू, मग परत साबण. यायचे तर तू माझ्या बोटांजवळ नाक न्यायचीस आणि पुस्तक थोडं मागे घ्यायचीस. इतकं थोडं की दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पान तूच उलटायचीस, मी लांबून बघायचे, जशी बायका माझ्या टोपलीत बघतात, पदर सावरून. एकदा मी बोलले, तू पण याच घरातली आहेस, तुझ्या हाताला काय गुलाबाचा वास येतो का? तू बोललीस, "तुला नाय कळणार, बारके." मी पेटीचं झाकण आपटलं आणि खाली गेले. त्यानंतर मी कधी बघायला आले नाय आणि तू कधी बोलावलं नाय.

आणि मनूला मात्र हात लावू द्यायचीस. जेवलेल्या हातांनी. ती निळ्यावर बोट ठेवून पाणी बोलायची आणि तू जशी काय लॉटरी लागली असं ओरडायचीस. आपल्या स्वतःच्या पोरीवर कुणी जळतं का? मी जळले. मी खाली भाकऱ्या थापत असायचे, वर माळ्यावर तुम्ही दोघी दुनिया फिरायच्या. ती माझ्याकडे यायची ती फक्त भूक लागली की.

आता ती मला विचारते, मावशी कुठल्या पानावर गेली? मी काय सांगू, ताय? मला घाबरायला होतं. तिला भूक लागली, ताप आला, तर काय करायचं मला कळतं. हे मला येत नाय. मी बोलले, तुझे बाबा बोटीवरून आले की त्यांना विचार. ते आले, तिनं विचारलं, आणि ते उठून बाहेर गेले.

आणि दुसरी भीती तुला माहीत आहे. लहानपणी आपल्या दोघींचे सांधे एकाच वेळी सुजले होते, एकाच चटईवर झोपवलं होतं आपल्याला. तुझ्या हृदयाची झडप त्यातच खराब झाली असं डॉक्टर आता बोलतात. तू माझ्या मागे लागली होतीस, बारके, एकदा दाखवून घे, आणि मी बोलायचे, आधी तू जा. तू पण नाय गेलीस. आता माळ्याची शिडी चढले की मी वर जाऊन उभी राहते आणि ऐकते. धडधडतं. चढल्यामुळे धडधडतं की तुझ्यासारखं धडधडतं, कसं ओळखायचं? मी गेले तर मनूला कोण सांगणार मावशी कोण आणि आई कोण? म्हणून मला पेटी पाहिजे होती. मनूसाठी काहीतरी उरायला पाहिजे, असं मी स्वतःला सांगत होते. खरं हे पण होतं की मला ती त्याला द्यायची नव्हती.

तर काल. आयनं त्याला आत घेतलं. मी बोंबील साफ करत होते, तशीच बसून राहिले. त्यानं पाणी घेतलं, आपल्या घरच्या ग्लासातून, आणि सुरू झाला. वंदना अशी हसायची, तोंडावर हात न ठेवता. वंदना चहा बशीत ओतून प्यायची. घरी तू कधी बशीला हात लावलास? मला वाटलं हा कुठल्या दुसऱ्याच बाईला रडायला आलाय. मग माझ्याकडे वळून बोलला, "तू बारकी ना?"

ते नाव फक्त घरातलं आहे, ताय. तू ते पण त्याला दिलंस.

त्यानं पेटी मागितली नाय, हे त्याचं खरं. नुसता माळ्याकडे बघत राहिला. मग मीच बोलले, की तिनं तुम्हाला द्यायला सांगितलंय, पण मी अर्धी ठेवणार. वाटे घालू. आय बोलली, बरोबर बोलते पोरगी. त्याला समजवायला लागणार असं मला वाटलं, की बोट लागल्यावर आपल्यात मासळी कशी वाटतात, एकानं वाटे घालायचे, दुसऱ्यानं पाठ करून उभं राहायचं, तिसऱ्यानं एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, हा कुणाचा, आणि पाठ केलेला जे नाव घेईल त्याचा तो वाटा, मग तक्रार नाय. मी तोंड उघडलं तर म्हातारा आधीच उठून दाराकडे तोंड करून उभा. तू सांगितलं होतंस त्याला. हे पण!

मी पेटी खाली आणली. हात धुतले, साबण, लिंबू, साबण. तू नव्हतीस तरी धुतले. आणि पहिल्यांदा एकटीनं ती पुस्तकं हातात घेतली.

वाटे घालायला मला कोण शिकवणार? रोजचं काम आहे. पण वाटे सारखे पाहिजेत, कारण कुठला आपल्याला येईल माहीत नसतं, आणि मला कळेना की यात सारखं म्हणजे काय. मोठं एक आणि छोटी दोन? लाल चामड्याचं भारी की फाटकं भारी? मासा असता तर कल्ला उघडून सांगितलं असतं. एका पानावरून अंगठा फिरवला तर रेघा लागल्या हाताला, वर आलेल्या, बारीक, मांदेलीच्या पाठीसारख्या. समुद्राच्या कडेनं कोरणाऱ्यानं एकामागे एक रेघा काढल्यात, ओहोटीला वाळूवर राहतात तशा. मी ते कधी बघितलंच नव्हतं, लांबून दिसत नाय ते. मला तुझा एवढा राग आला आणि एवढी तू पाहिजे झालीस, एकदमच.

मग मी वास घेतला. सवयच ती. एकेक पुस्तक उघडून नाकाला लावलं. मला तू पाहिजे होतीस त्यात, थोडी तरी. डांबरगोळ्या. सगळ्यात डांबरगोळ्या आणि साबण. तू एकदासुद्धा न धुतलेला हात लावला नव्हतास त्यांना. सगळी चाचपून बघितली, तू कुठे नव्हतीस.

म्हाताऱ्याला गप्प उभं राहवेना. पाठ करूनच बोलायला लागला, जसं लोक दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बोलतात. "पहिल्यांदा घरी आली ना वंदना, मी तिला बोललो, बेटा, आमच्याकडे हे चालत नाय, हात धुऊन ये. साबण दिला मी. आली, मी वास घेतला, परत पाठवली. परत आली, परत पाठवली." हसला जरा. "नुसती धूत राहिली. आमच्या बेसिनपाशी."

माझ्या हातातलं पुस्तक हातातच राहिलं.

आय बोलली, "मग?"

"मग काय. किती तरी रविवार असंच. एक दिवस मलाच लाज वाटली, बोललो, राहू दे, बस. आता माझ्या सगळ्या ॲटलासना येतो वास. अमेरिका, आफ्रिका, सगळीकडे बोंबील. बायको माझं कपाट उघडत नाय." तो हसला आणि मग त्याचे खांदे हलायला लागले, पण तोंड त्यानं दाराकडेच ठेवलं. पाठ करायची म्हणजे करायची.

ताय, मला बेसिन दिसलं. त्याचं घर मी बघितलं नाय, पण बेसिन दिसलं, पांढरं, आणि तू वाकून, नखं घासत. मला माहीत आहे ते. रिक्षात बाजूची बाई कडेला सरकते तेव्हाचं ते. तुला लागलं नसेल असं होईल का? आणि तू तिथून घरी यायचीस आणि मला नळावर पाठवायचीस. तुला नाय कळणार, बारके. मला नाय तर कुणाला कळणार होतं गं? एकदा सांगायचं होतंस. मी घाटकोपरला जाऊन त्याच्या दारात टोपली उलटी केली असती. मग तुम्ही बसला असतात दुनिया बघत. आपल्या घरात कुणाच्या तरी हातांना वास येतो एवढ्यावरून आपण दोघी इतकी वर्षं मोकळं बोललो नाय, आणि तो वास दोघींचाच होता.

त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं. पण तो तसाच उभा, म्हातारा, पाठमोरा, शर्टाची एक बाजू बाहेर आलेली. त्याला माहीतच नाय की त्यानं मला काय सांगितलं. आणि मला राग कमी आणि हेवाच जास्त वाटला, बघ. त्यानं तुला लाजवलं आणि त्यालाच तू तशीच्या तशी मिळालीस, न धुतलेली. आम्हाला मिळाली ती साबणाची.

आयनं पहिल्या वाट्यावर हात ठेवला. "हा कुणाचा?"

तो बोलायच्या आधी मी बोलले, "दोन्ही त्यांचे."

आय चिडली. वाटे घातल्यावर मोडायचे नसतात, काय पोरखेळ आहे का, परत घाल. मी बोलले, मोडत नाय, अदलाबदली करते. त्याला बोलले, वळा इकडे. वळला. डोळे लाल. मी बोलले, "ही सगळी न्या. तिची इच्छा होती. इथे खारा वारा आहे, राहणार पण नाय. पण मला तुमच्यातलं एक पाहिजे. ज्याला तिचा वास येतो ते."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा खालीच बसला, बोंबलांच्या परातीशेजारी, आपली पांढरी पँट न बघता. "सगळ्यांना येतो, बेटा," बोलला. "मी कसं निवडू? तू ये. वास घे आणि उचल."

रिक्षात बसला तेव्हा पेटी मांडीवर घेतली, दोन्ही हात वर ठेवले, जसं तान्हं बाळ नेतात. मी नाक्यापर्यंत गेले. मनूनं त्याला टाटा केला, आणि मला बोलली, मावशीची पुस्तकं कुठे चालली? मी बोलले, घाटकोपरला. आपण पण जायचं. एवढं उत्तर मला आलं, ताय. बाकीचं पण येईल हळूहळू. आणि त्या झडपेचं मी बघते, सोमवारी जाते, आय बरोबर येणार आहे, तू ओरडू नकोस.

रविवारी मी जाणार. घाबरले आहे मी, खोटं कशाला बोलू. ती बिल्डिंग, ती लिफ्ट, त्याची बायको दार उघडून माझ्याकडे बघणार. बघू दे. तो बोलला, खिडकीजवळची खुर्ची वंदनाची, अजून कुणी बसलं नाय तिच्यावर. मी बसणार. मनूला मांडीवर घेणार. चहा बशीत ओतणार. तो तुझ्या गोष्टी सांगेल, मला माहीत नसलेल्या, आणि मी सगळ्या घेऊन येणार, एक पण ठेवणार नाय त्याच्याकडे.

माझ्याकडच्या पण सांगेन त्याला थोड्या. एक नाय सांगणार. तू समुद्राला घाबरायचीस, ते. कोळ्याची पोर आणि गुडघाभर पाण्यात गेली की माझा हात धरायचीस, मी दोन वर्षांनी लहान, आणि बोलायचीस, सोडू नकोस हां बारके, कुणाला सांगू नकोस. मी सोडला नाय आणि सांगितलं नाय. तळहाताएवढा समुद्र तुला का आवडायचा ते त्या म्हाताऱ्याला जन्मात कळणार नाय. ते माझं आहे.

तुझी खुर्ची, तुझा म्हातारा, तुझा रविवार, सगळं घेते मी आता. इतकी वर्षं मी जळले. आता तू जळ, ताय.